दोनच मिनिटं

निवडणुकीच्या फ्लेक्सवर मधोमध उमेदवार असतो, हात जोडलेला. त्याच्या डोक्यावर पक्षाच्या नेत्यांचे गोल गोल चेहरे. आणि अगदी खाली, 'शुभेच्छुक' या शब्दाच्या आसपास, पासपोर्टपेक्षाही लहान फोटोंची एक रांग असते. त्या रांगेतला फेटा बांधलेला, कॅमेऱ्याकडे न बघता थेट तालुक्याच्या भवितव्याकडे बघणारा जो माणूस, ते आमचे नाना.

तुमच्या गावात त्यांना सर म्हणत असतील, अण्णा म्हणत असतील, नाहीतर भाऊ. काम एकच. निवडणूक लागली की कुणाला तरी जाहीर पाठिंबा द्यायचा आणि तो का दिला हे पारावरच्या सभेत सांगायचं. नानांकडे पद म्हणावं असं काही नाही. वाचनालयाच्या कार्यकारिणीवर आहेत, भजनी मंडळात पखवाजाच्या शेजारी बसतात. पण आमदारकीपासून दूध संघापर्यंत कुठलीही निवडणूक असो, नानांच्या भाषणाशिवाय आमच्याकडे प्रचाराचा नारळ फुटत नाही. मान्यताप्राप्त पक्षाला निवडणूक आयोगाकडे चाळीस स्टार प्रचारकांची यादी देता येते. ती पेपरात आली की नाना बोट फिरवत शेवटपर्यंत वाचतात आणि पेपरची घडी घालताना म्हणतात, "चाळीसच घेतात ना."

भाषणाची सुरुवात ठरलेली. "खरं तर मी आज बोलणारच नव्हतो." हे म्हणता म्हणता खिशातून जुनी लग्नपत्रिका निघते, तिच्या पाठकोऱ्या बाजूवर मुद्दे लिहिलेले असतात. "पण कार्यकर्त्यांचा आग्रह..." आग्रह करणारा कार्यकर्ता आजवर कुणी पाहिलेला नाही. "वेळेअभावी मी फक्त दोनच मिनिटं तुमची घेणार आहे." हे वाक्य आलं की पारावरची जाणती मंडळी चपला काढून नीट मांडी घालतात.

मग नावं. व्यासपीठावर बसलेल्यांची नावं घेणं हे बाहेरच्या माणसाला रटाळ वाटतं, पण त्यातच खरं राजकारण आहे. कारखान्याचे चेअरमन आधी की माजी आमदार आधी? दोघं एकमेकांकडे न बघता नानांच्या तोंडाकडे बघत असतात. उपसरपंचांचं नाव राहिलं तर ते दुसऱ्या दिवशी समोरच्या स्टेजवर दिसतात. २००७ साली सरकारनं तंटामुक्त गाव मोहीम आणली आणि गावोगावी तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष हे नवं पद तयार झालं. ते नाव सरपंचांच्या आधी घ्यायचं की नंतर, यावरून आमच्याकडे भर सभेत जो तंटा झाला तो मिटवायला समितीचीच बैठक घ्यावी लागली. तेव्हापासून नाना सगळी नावं घेऊन झाली की वर एक वाक्य टाकतात, "अनवधानानं कुणाचं नाव राहिलं असेल तर त्यांनी मोठ्या मनानं ते घेतलं असं समजावं." या वाक्यावर टाळी पडते. ती राहून गेलेल्यांची असते.

आता उमेदवार येईल असं तुम्हाला वाटतं. येत नाही. आता १९७२ चा दुष्काळ येतो.

नाना त्या वर्षी मिसरूड फुटलेलं पोर होते आणि दुष्काळी कामावर खडी फोडत होते. परदेशातून आलेली ती लाल मिलो ज्वारी, कामावर वाटलेली सुकडी, विहिरीच्या तळाला वाटीनं पाणी भरणाऱ्या बाया, हे सगळं ते फार छान सांगतात. खोटं सांगत नाही, दर वेळी ऐकूनही माझा घसा कोरडा पडतो. मग ते एकदम वळतात. "आणि मित्रहो, त्या काळात, जेव्हा आम्ही खडी फोडत होतो, तेव्हा आजचे आपले हे उमेदवार..." इथं एक विराम. उमेदवार खुर्चीत सावरून बसतो. "...जन्माला यायचे होते! पण त्या दुष्काळाची जाणीव त्यांच्या रक्तात आहे." जन्माआधीची जाणीव रक्तात कशी आली हे विचारणारा माणूस आमच्या गावात अजून जन्माला यायचा आहे.

प्रत्येक उमेदवाराशी नानांचं असं काही तरी नातं निघतंच. त्याचे वडील आणि नाना एकाच एसटीनं कोर्टात जायचे, किंवा त्याच्या आजोळची मुलगी नानांच्या आत्याची सून आहे, किंवा अगदीच काही नसेल तर "यांचा माझा परिचय अलीकडचा, पण माणूस ओळखायला मला वेळ लागत नाही." पाठिंब्याच्या भाषणात उमेदवार किती थोर आहे हे सांगायचं असतं असा आपला समज. नाना मात्र त्याला कोण ओळखतं ते सांगतात. ओळखणारा मोठा ठरला की ओळखला गेलेला आपोआप मोठा होतो, हे त्यांचं गणित, आणि ते चुकीचं आहे असं मला अजून सिद्ध करता आलेलं नाही.

विशेषणांचा साठा मात्र एकच आहे. उमदं नेतृत्व, पायाला भिंगरी, मातीशी नाळ, अजातशत्रू, सर्वसामान्यांचा आधारवड. उमेदवार बदलतो, आधारवड तोच. एकदा सत्तावीस वर्षांच्या पोराला आधारवड म्हणाले तेव्हा त्या पोराच्या आईनंच तोंडाला पदर लावला. आचार्य अत्र्यांच्या नावावर 'गेल्या दहा हजार वर्षांत झाला नाही' असं म्हणायची सवय सांगितली जाते. नानांना अत्र्यांबद्दल भलता आदर, पण ते आकडा पन्नास वर्षांवर आणतात. "जेवढं मी डोळ्यांनी बघितलं तेवढ्याचीच ग्वाही देणार," असं त्यांचं म्हणणं.

उमेदवाराचं नाव ते सगळ्यात शेवटी घेतात. मी एकदा विचारलं, की नाना, ज्याच्यासाठी सभा त्याचं नाव तरी आधी घ्या. तर म्हणाले, "आधी घेतलं की लोक उठतात."

अपक्ष उमेदवार असला तर नाना जास्त खुलतात, कारण तिथं चिन्हही समजावून सांगावं लागतं. कपबशी म्हणजे "तुमच्या दारात आलेल्या पाहुण्याचा मान". शिट्टी म्हणजे "भ्रष्टाचाराला दिलेला इशारा". ट्रॅक्टर तर काय, सोपाच. प्रेशर कुकर मिळालेल्या एका उमेदवारासाठी त्यांनी "जनतेच्या मनातली वाफ" असा जो धागा काढला, तो तिसऱ्या शिट्टीपर्यंत नेला. २०२४ च्या लोकसभेला मात्र त्यांची परीक्षा होती. एका पक्षाचं चिन्ह होतं तुतारी वाजवणारा माणूस, आणि बऱ्याच ठिकाणी कुणा अपक्षाला मिळालेली नुसती तुतारी. नाना त्या वर्षी तुतारीवाल्या माणसाच्या बाजूचे. सगळं भाषण त्यांनी दोन्ही हात तोंडापाशी नेऊन केलं. "माणूस बघा, माणूस! नुसत्या तुतारीवर जाऊ नका. फुंकणारा असल्याशिवाय तुतारी वाजत नाही." नेत्यांच्या वेळेच्या हिशोबात हे भाषण लांबलं, पण मला आजही ते त्या निवडणुकीतलं सर्वांत उपयोगी भाषण वाटतं.

लांबण्यावरून आठवलं. नानांचं खरं कसब मुख्य नेता उशिरा येतो तेव्हा दिसतं. साहेबांची आधीची सभा लांबलेली असते, गाडी घाटात असते, आणि रात्री दहाला माइक बंद करावा लागतो. समोर लोक चुळबुळ करत असतात, मागच्या खुर्च्या रिकाम्या होऊ लागतात. अशा वेळी स्टेजच्या पायरीशी उभा असलेला पोरगा नानांना बोटांनी खुणा करतो. मूठ म्हणजे अजून पत्ता नाही. दोन बोटं म्हणजे पुलापाशी आले. तळवा आडवा म्हणजे आवरा. नानांचं कुठलंही वाक्य कुठल्याही क्षणी संपू शकतं आणि संपलेलं कुठलंही वाक्य पुन्हा सुरू होऊ शकतं. मी त्यांना शेतकऱ्याच्या कर्जाबद्दल बोलताना मध्येच मूठ दिसली म्हणून थेट कोयनेच्या १९६७ च्या भूकंपावर जाताना पाहिलंय, आणि भूकंपात दोन बोटं दिसताच "अशा वेळी धावून येणारा माणूस कोण?" असं म्हणत तिथून उमेदवारावर उतरताना. मग हलगी वाजते, फटाके लागतात, साहेब येतात, आणि नानांच्या हातून माइक अक्षरशः काढून घेतला जातो. साहेब बोलायला उभे राहतात आणि सुरुवातीलाच म्हणतात, "नानांनी सगळं सांगितलंच आहे." नाना मान खाली घालून हसतात. या एका वाक्यावर ते पाच वर्षं काढतात.

१८ ऑक्टोबर २०१९ ला साताऱ्याच्या सभेत शरद पवार भर पावसात बोलले, तेव्हा मैदानात नानाही होते. त्यानंतर आमच्याकडे ढग भरून आले की नानांचा आवाज चढायला लागतो. एकदा शिंतोडे सुरू झाल्यावर कुणीतरी छत्री धरली, तर नानांनी ती हातानं बाजूला सारली. पाऊस तेवढ्यावरच थांबला. "आमचं नशीबच कोरडवाहू," म्हणाले.

पाठिंबे बदलतात का? बदलतात की. २०१४ च्या विधानसभेला चारही मोठे पक्ष वेगवेगळे लढले, २०१९ ला जोड्या लागल्या, २०२४ पर्यंत दोन शिवसेना आणि दोन राष्ट्रवादी झाल्या. एवढ्या घडामोडीत नानांनी एका जागी उभं राहायचं म्हटलं तरी जागाच सरकली. त्यांचं ठरलेलं उत्तर आहे, "मी पक्ष बघत नाही, माणूस बघतो." अडचण अशी की माणूसही पक्ष बघत नाही. गेल्या खेपेला एका पोरानं नानांच्या जुन्या भाषणाची क्लिप व्हॉट्सॲपवर टाकली. राज ठाकरे यांनी २०१९ च्या लोकसभेला जुन्या भाषणांचे व्हिडिओ सभेत लावून दाखवले होते, तिथूनच हे खूळ गावात आलं. क्लिपमध्ये नाना ज्याला लबाड म्हणत होते तोच आता त्यांचा आधारवड होता. सगळं गाव बघत होतं, नाना काय म्हणतात. नानांनी मोबाइल लांब धरून क्लिप दोनदा पाहिली आणि म्हणाले, "आवाज चांगला आलाय."

पाठिंब्याच्या जातीही त्यांना तोंडपाठ. २०१४ ला विधानसभेची मतमोजणी पुरती संपायच्या आत राष्ट्रवादीनं भाजपला बाहेरून पाठिंबा देऊन टाकला. २०२४ च्या गुढीपाडव्याला राज ठाकरे यांनी शिवाजी पार्कवरून बिनशर्त पाठिंबा जाहीर केला. नानांना हे बिनशर्त प्रकरण काही पटलं नाही. "अट नाही तर भाषणात बोलायचं काय?" त्यांची स्वतःची अट कायम एकच असते, स्मशानभूमीचा रस्ता. प्रत्येक उमेदवार ती स्टेजवरच मान्य करतो. रस्त्याला आजवर इतक्या जणांनी शब्द दिलाय, की खडी सोडून बाकी सगळं तिथं पडून झालंय.

काकूंचं मत निराळं आहे. नानांना सत्कारात मिळालेल्या शाली त्यांच्या कपाटात रचून ठेवल्यात, त्यांच्या दोन गोधड्याही झाल्यात. त्या म्हणतात, "साऱ्या तालुक्याला यांनी पाठिंबा दिला. माझ्या आमटीला एकदा जाहीर दिला नाही."

इथवर गंमत. पण नानांना निवडणुकीनंतर एक हिशोब द्यावा लागतो, त्याला लीड म्हणतात. पाठिंबा देताना ते शेवटी आकडा सांगतात, "आमच्या गावातून एवढ्याचं लीड." पूर्वी कागदी मतपत्रिका होत्या, तेव्हा मोजणीआधी वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका मिसळायची पद्धत होती. गावानं नक्की किती दिली हे कुणाला छातीठोक सांगता येत नसे, आणि नाना कितीही म्हणू शकत. २००४ च्या लोकसभेला देशभर मतदान यंत्रं आली. यंत्र प्रत्येक केंद्राचा आकडा वेगळा सांगतं. दुपारच्या आत पारावर कळतं, की नानांनी पाचशे सांगितलं होतं आणि गाव उलटं चाळीसनं मागे आहे. अनेक यंत्रांची मतं एकत्रच मोजणारं टोटलायझर नावाचं उपकरण वापरावं असं निवडणूक आयोगानं २००८ मध्ये सुचवलं होतं, कायदा आयोगानंही २०१५ मध्ये त्याची शिफारस केली. हेतू असा, की कुठल्या वस्तीनं मत दिलं नाही हे निवडून आलेल्याला कळू नये आणि त्यानं राग काढू नये. ते उपकरण काही आलं नाही. नानांनी एकही भाषण न करता, मनोमन दिलेला पाठिंबा तेवढा एकच.

उमेदवार हरला तर नाना चार दिवस वाचनालयात येत नाहीत. पण जिंकला तर त्यांचे खरे हाल सुरू होतात. पतसंस्थेत कर्ज काढणारा मजेत फिरतो आणि वसुलीची नोटीस जामीनदाराच्या दारात येते, तसं आहे हे. आमदाराला कोण कुठं गाठणार? नाना मात्र रोज सकाळी साडेसहाला दूध घालायला डेअरीवर असतात. "नाना, तुम्ही सांगितलं म्हणून शिक्का मारला." आता शिक्का नसतो, बटण असतं, पण तक्रार करताना शिक्काच म्हणतात. "वरच्या आळीला पाणी नाही." "पोराचा दाखला अडलाय." नाना फोन लावतात. पलीकडून पीए सांगतो, साहेब मीटिंगमध्ये आहेत. नाना फोन कानाला तसाच ठेवून मोठ्यानं म्हणतात, "हो हो, साहेब, तुम्ही जातीनं लक्ष घातलंय म्हणजे झालंच." समोरचा माणूस समाधानानं जातो. फोन केव्हाच बंद झालेला असतो. मग नाना पिशवीत कागद भरून स्वतः एसटीनं तहसील कचेरीत जातात.

एकदा लोकांनी त्यांनाच उभं केलं, विकास सोसायटीच्या निवडणुकीला. सगळ्यांना वाटलं, आता बघा नाना काय बोलतात. नाना उभे राहिले, नावं झाली, १९७२ झालं, आणि पुढं त्यांना काही सुचेना. स्वतःला उमदं नेतृत्व म्हणायला जीभ वळेना. मग सवयीनं ते समोरच्या उमेदवारावर घसरले. "विरोधक असला तरी माणूस सरळ आहे. त्याच्या वडिलांनी आणि मी..." आणि रंगले. एसटी आली, आत्याची सून आली, आधारवड आला. खाली बसले तेव्हा समोरच्याचे कार्यकर्ते टाळ्या वाजवत होते. निकाल सांगायला नको. विजयी सभेत जिंकलेला उठून म्हणाला, "नानांनी सगळं सांगितलंच आहे."

आणि तरीही त्या बोलण्याचा उपयोग होतो, हे मी यंदाच्या उन्हाळ्यात पाहिलं. वरच्या शिवारातला डीपी जळाला. ऊस वाळायला लागला. आमदारांचा फोन मीटिंगमध्ये. पोरं म्हणाली, मोर्चा काढू. नाना म्हणाले, "दोन दिवस थांबा," आणि वीज कार्यालयात जाऊन साहेबांच्या केबिनबाहेरच्या बाकावर बसले. तिथं साहेबाला भेटायला आलेल्या प्रत्येकाला ते सांगत होते, की असा कार्यतत्पर अधिकारी गेल्या पन्नास वर्षांत या तालुक्याला मिळाला नाही. दार उघडंच होतं. तरणा पोरगा होता अधिकारी, पहिलीच नेमणूक. जन्मल्यापासून त्याला कुणी अजातशत्रू म्हटलं नसावं. दुसऱ्या दिवशी तिथं बसून ते तेच बोलत राहिले. तिसऱ्या दिवशी टेम्पोतून दुरुस्त डीपी आला.

संध्याकाळी तो चढवून झाला. खाली दहा-बारा शेतकरी, जो तो मोटारीच्या पेटीकडे पळायच्या बेतात. वायरमन हँडलला हात लावून उभा. तेवढ्यात नाना पुढं झाले, बांधावर चढले, घसा साफ केला आणि म्हणाले, "खरं तर मी आज बोलणार नव्हतो."

"नाना," एक जण काकुळतीला आला, "आधी लाईट सोडू द्या, मग बोला की निवांत."

"वा रे वा," नाना म्हणाले, "लाईट सोडल्यावर थांबताय होय तुम्ही!"